‘ज्यूविरोध’ की ‘ज्यूद्वेष’?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकी विद्यापीठांतल्या गाझा-आंदोलनांबद्दल मराठीत लिहिताना ‘अँटिसेमिटिझम’ला, म्हणजे ज्यूंबद्दलच्या आकसाला, ‘सेमिटिकविरोध’ म्हणावं की ‘ज्यूविरोध’?

माझ्या मते दोन्ही नकोत. ‘ज्यूद्वेष’ म्हणा. ‘यहुदीद्वेष’ही चालेल.

‘सेमिटिक’ हे भाषाकुळाचं नाव. हिब्रूबरोबर अरबीही त्यातच येते. त्यावरून ‘मग अरब माणूस अँटिसेमाइट कसा?’ असा फाटा फोडला जातो, तो फोल आहे. १८७९मध्ये विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने बर्लिनमध्ये ‘अँटिसेमाइटांचा संघ’ काढला, तेव्हा त्याचा रोख फक्त ज्यूंवर होता. जुन्याच आकसाला वंशशास्त्राचा मुलामा दिला, एवढंच.

आता ‘विरोध’. मराठीत विरोध धरणाला असतो, ठरावाला असतो, सरकारला असतो. त्याचं कारण विचारता येतं, बोलणी होऊन तो मावळतोही. अमक्याच्या पोटी जन्मला म्हणून माणूस डोळ्यांत खुपतो, तो द्वेष. वसतिगृहात कुणाच्या दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी असलेली डबी, उपटून टाकली (कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरांच्या चौकटीवरही ती असते), तर तिथे ‘विरोध’ हा शब्द फार सौम्य पडतो. उलट गाझातल्या युद्धाविरुद्ध फलक धरणं हा सरळसरळ विरोध आहे, त्याला द्वेष म्हणणं अन्याय. मात्र इस्रायलबद्दल चकार शब्दही न काढलेल्या विद्यार्थ्याला केवळ तो ज्यू म्हणून ‘झायनवादी’ (ज्यूंच्या राष्ट्राचा, म्हणजे इस्रायलचा, पुरस्कर्ता) ठरवून वाळीत टाकलं, तर झायनवादाचं नाव पुढे केलं तरी तो द्वेषच.

ही रेघ कुठे ओढायची, यावरच तिकडे सारं पेटलं आहे. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं नियमभंग ठरतं का, या प्रश्नावर ५ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या प्रमुखांनी ‘संदर्भावर अवलंबून आहे’ अशा धर्तीची उत्तरं दिली. महिन्याभरात त्यांतल्या दोघींनी पद सोडलं. दुसरी बाजूही पाहा. ज्यूद्वेषाच्या ज्या कामचलाऊ व्याख्येवर (होलोकॉस्टच्या स्मृतीसाठीच्या ‘आयएचआरए’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारलेल्या) आज एवढा वाद आहे, तिच्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न स्वतः ज्यू आहेत, आणि ती विद्यापीठांत बोलण्यावर निर्बंध म्हणून वापरू नये असं तेच सांगत आले आहेत. त्यांचं मला पटतं. ज्या वर्गात प्रश्न विचारायचीच धास्ती असेल, तिथे द्वेष ओळखायला तरी कोण शिकणार?

म्हणून लिहिताना एवढं पाळा: ‘ज्यूविरोधी घोषणा दिल्या’ असं मोघम लिहू नका. घोषणा काय होती, ती जशीच्या तशी द्या.