सर्व्होची बैठक पुन्हा पुन्हा निखळते तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे ईपीओ फोमचं (थर्माकोलपेक्षा चिवट फोम), रिमोटवर उडणारं शिकाऊंचं ट्रेनर विमान आहे. उतरताना उजवा पंख गवतात घासला आणि एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, फिरवणाऱ्या सर्व्होची (छोट्या मोटरची) प्लॅस्टिकची बैठक निखळली. ग्लू गनने चिकटवली, आठ-दहा उड्डाणं टिकली. पुन्हा चिकटवली, तर विमान उन्हात ठेवलेलं असतानाच हलायला लागली. काढायला गेलो तेव्हा एका बाजूने सहज सुटली आणि दुसऱ्या बाजूने फोमचा पापुद्रा घेऊन आली. सर्व्हो ९ ग्रॅमचा आहे. कोणता गोंद वापरू?

उत्तर : गोंदाकडे येतोच, पण तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मला जास्त उपयोगाचं वाटलं. निघालेली बैठक उलटी करून बघण्याची सवय फार थोड्यांना असते. सहज सुटलेल्या बाजूला गोंदाने दगा दिला: साच्यातून आलेल्या फोमवर गुळगुळीत साय असते, तिच्यावर गोंदाची पकड आधीच कमी, त्यात उन्हाने ग्लू गनचा गोंद मऊ पडला. पापुद्रा आला त्या बाजूला गोंद पक्का होता, फोम फाटला. म्हणजे नुसता जास्त कडक गोंद आणलात, तर पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी फोम उपटून येईल. तुम्हाला हवी आहे ती मोठी जागा, जिच्यावर सर्व्होचा जोर पसरेल.

मी एके काळी याच्या उलट करायचो. बैठकच नको म्हणून सर्व्हो थेट खाचेत ठेवायचा आणि वरून गरम गोंदाने न्हाऊ घालायचा. छान बसायचा. मग एकदा सर्व्होच्या गिअरचा एक दात गेला. त्या एका दातासाठी सर्व्हो उपसताना खाचेच्या तिन्ही भिंती हातात आल्या. तेव्हापासून माझा हट्ट आहे: चिकटवायची ती बैठक, सर्व्हो मात्र स्क्रूवरच. सर्व्हो खर्ची पडणारी वस्तू आहे, पंख नाही.

आता काम. विमानाची बॅटरी काढा, प्रॉपेलर उतरवा, सर्व्हो बाजूला ठेवा. जुना गोंद नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. त्याच्या कडेने ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, मिनिटभर थांबा. गोंद बराचसा अख्खा उचलून येतो. थिनर किंवा अ‍ॅसिटोन जवळही आणू नका.

दीड मिलिमीटरच्या प्लायची एक पट्टी कापा. बैठकीपेक्षा चारही बाजूंनी साधारण १० मिलिमीटर मोठी, कोपरे गोल. सर्व्होच्या पोटासाठी मध्ये चौकोन कापावा लागेल आणि वायरसाठी एक खाच. ती खाच मी दर वेळी विसरतो. पट्टी फोमवर ठेवून पेन्सिलने आखा आणि तेवढ्याच भागातला फोम दीड मिलिमीटर खोल काढा, म्हणजे पट्टी पंखाच्या पृष्ठभागाशी सपाट बसेल. नव्या ब्लेडने काढा. बोथट ब्लेड फोम कापत नाही, मणी उपटतं. तळाची साय सँडपेपरने घालवा, बैठकीची प्लॅस्टिकची खालची बाजूही खरखरीत करा.

पट्टी बसवायला मी पॉलियुरेथेन गोंद घेतो, कारण तो ओलाव्याने फुगतो आणि तुमच्यासारख्या फाटक्या खड्ड्यात शिरून बसतो. फोमवर ओलं फडकं फिरवा, प्लायवर गोंदाचा पातळ हात द्या, बाहेरच्या फोमला कागदी चिकटपट्टी लावा आणि वर वजन ठेवा. वजन ठेवलं नाहीत, तर सकाळी पट्टी फुगून वर आलेली दिसेल. हे मी अनुभवाने सांगतोय. घाई नसेल तर ३० मिनिटांचा इपॉक्सीही चालतो, फक्त तो जड आहे, हात आखडता ठेवा.

गोंद वाळला की बैठक प्लायवर इपॉक्सीने चिकटवा. कोपऱ्यात जागा असेल तर दोन बारीक स्क्रूही मारा. स्क्रूच्या भोकात आधी पातळ सीएचा (सुपरग्लूचा) एक थेंब सोडून पूर्ण वाळू द्या. प्लायचे धागे घट्ट होतात आणि आटे टिकतात. तो थेंब फोमवर सांडला तरी ईपीओला काही होत नाही.

सर्व्हो जोडण्याआधी पुशरॉड (सर्व्होची हालचाल एलेरॉनला देणारी तार) सोडा आणि एलेरॉन बोटाने हलवा. फोमचीच बिजागरी असेल तर ती बऱ्याचदा ताठ असते, आणि तो ताण प्रत्येक हालचालीत बैठकीवर येतो. वीस-तीस वेळा वरखाली करून ती मोकळी करा. शेवटी सर्व्हो, पुशरॉड आणि बॅटरी जोडा, प्रॉपेलर मात्र नको. एलेरॉन दोन बोटांत हलकेच धरून ठेवा, रिमोटची स्टिक थोडी हलवा आणि बैठकीकडे बघत राहा. फोमच्या कडेला जराही फट उघडमीट करत असेल, तर उडवू नका.

प्रश्न : नवा सर्व्होही ९ ग्रॅमचाच, पण जुन्याच्या बैठकीत बसत नाही. त्याचे कान (स्क्रू मारायच्या बाजूच्या पट्ट्या) घासून बसवू का?

उत्तर : नको, बैठक घासा. ९ ग्रॅम हे वजनावरून पडलेलं नाव आहे. सर्व्होच्या पेटीची लांबी २३ आणि रुंदी १२ मिलिमीटरच्या आसपास असली, तरी कानांची उंची, जाडी आणि फिरणाऱ्या आसाची जागा कंपनीगणिक बदलते. आस जुन्या जागी येतोय ना, ते आधी बघा, नाहीतर पुशरॉड तिरका चालेल. जुना हॉर्न (आसावर बसणारा, पुशरॉड ओढणारा हात) नव्या आसावर दाबून बसवू नका. दात जुळत नसले तरी तो बसल्यासारखा वाटतो आणि हवेत फिरतो. रेडिओ चालू करून, ट्रिम (मध्य थोडा सरकवायची सोय) शून्यावर ठेवून सर्व्हो मध्यावर, म्हणजे १५०० मायक्रोसेकंदाच्या सिग्नलवर आणा, मग हॉर्न पुशरॉडला काटकोनात लावा. दोन पंखांत वेगवेगळ्या वेगाचे सर्व्हो असतील, तर जोडीच बदला.

प्रश्न : छोट्या पांढऱ्या विमानाच्या शेपटीत सर्व्हो सुपरग्लूने लावला. फोम विरघळून खड्डा पडला!

उत्तर : तुमचं विमान ईपीएसचं, म्हणजे थर्माकोलचं आहे. साधा सीए, म्हणजे सुपरग्लू, थर्माकोलमधलं पॉलिस्टायरीन खातो. ईपीओ आणि ईपीपी या चिवट फोमना तो चालतो, म्हणून हा घोळ होतो. ‘फोम-सेफ’ लिहिलेला सीए घ्या, आणि तोही आधी नको असलेल्या तुकड्यावर लावून बघा. सीए लवकर वाळवणारा फवारासुद्धा थर्माकोलला बाधतो. खड्डा चौकोनी कापून त्यात थर्माकोलचाच तुकडा बसवा, इपॉक्सीने भरू नका. शेपूट गुरुत्वमध्यापासून ५० सेंटिमीटर मागे आणि बॅटरी १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीतल्या ३ ग्रॅम गोंदासाठी बॅटरीपाशी १० ग्रॅम शिसं घालावं लागेल.