केंद्र सरकारने रस्ते-रेल्वे-पाण्यावर खरंच किती काम केलं, हे ओळखायचं कसं

तुमचा प्रश्न असा की घरात दोन गट पडलेत, एक म्हणतो केंद्र सरकारने रस्ते-रेल्वेत क्रांती केली, दुसरा म्हणतो नुसती जाहिरातबाजी, आकडे दोघांकडेही आहेत, मग खरं कोणाचं. मी बजेटचे कागद आणि कॅगचे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल बरीच वर्षं वाचतोय, तर माझं मत आधीच सांगतो. मोठे रस्ते झालेत, ते नाकारणं खोटेपणा होईल. पण गावापर्यंत पोचणाऱ्या सोयी आणि बांधून झाल्यावरची देखभाल, इथे काम फार कमी पडतं, आणि हे आधीच्या सरकारांनाही लागू आहे.

सगळ्यात आधी यादीतून जे केंद्राचं नाही ते काढा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) बांधला. मुंबईचा कोस्टल रोड महापालिकेचा. अटल सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (एमएमआरडीए), त्यात जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं मोठं कर्ज. पुणे मेट्रोच्या कंपनीत केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे भागीदार. उद्घाटनाला पंतप्रधान आले म्हणजे पैसा दिल्लीचा असं नसतं, आणि वादात निम्मा गोंधळ इथेच होतो.

आता पैसा. बजेटमध्ये एकाच योजनेचे तीन आकडे असतात, सुरुवातीचा अंदाज, वर्षाच्या शेवटी सुधारित अंदाज आणि त्यानंतर प्रत्यक्ष खर्च, पेपरात मथळा येतो तो पहिल्याचा. ग्रामीण घरांत नळाने पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनचंच बघा. २०१९ ला सुरू झालं तेव्हा ग्रामीण भागात साधारण १७ टक्के घरांत नळ होता, पाच-सहा वर्षांत तो ८० टक्क्यांच्या आसपास गेला, हे मोठंच काम आहे, ज्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला तिला विचारा. पण २०२४-२५ मध्ये तरतूद होती ७०,१६३ कोटी आणि सुधारित अंदाजात राहिले २२,६९४ कोटी! म्हणजे एक तृतीयांशही नाही. २०२४ पर्यंत सगळ्या घरांत नळ द्यायचा होता, ती मुदत आता २०२८ झाली. आपल्यासारख्या राज्यात खर्चाचा निम्मा वाटा राज्याने द्यायचा असतो, त्यामुळे एका बाजूने हप्ता अडकला की ठेकेदाराचं बिल अडकतं, बिल अडकलं की टाकीचं काम अर्धवट, आणि पाइप अंगणात येऊन कोरडा पडून राहतो. नळजोडणी मोजली जाते, निकष मात्र माणशी रोज ५५ लिटर पाण्याचा आहे, म्हणून कोणी टक्केवारी सांगितली की मे महिन्यात पाणी येतं का ते विचारायचं.

केंद्राचा एकूण भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-रेल्वेसारख्या टिकाऊ गोष्टी उभारण्यावरचा खर्च, २०१३-१४ ला दोन लाख कोटींच्या आत होता, २०२४-२५ च्या बजेटमध्ये ११.११ लाख कोटी धरला, तो सुधारित अंदाजात १०.१८ लाख कोटी झाला. महागाई वजा केली तरी वाढ खरी आहे. फक्त एक गोष्ट कोणी सांगत नाही. आधी महामार्ग प्राधिकरण स्वतः बाजारातून कर्ज काढून रस्ते बांधायचं आणि ते बजेटमध्ये दिसायचं नाही, २०२२-२३ पासून ते कर्ज काढणं थांबवलं आणि तो पैसा थेट बजेटमधून द्यायला लागले. हिशोब स्वच्छ झाला हे चांगलंच, पण त्या वर्षांतली थोडी वाढ ही खिसा बदलल्याची आहे.

राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०१४ ला ९१,२८७ किलोमीटर होती ती १,४६,१४५ झाली. आता यातले सगळे ५५ हजार किलोमीटर नवे बांधलेले नाहीत, बरेचसे आधीचे राज्य महामार्ग आहेत ज्यांना राष्ट्रीय दर्जा दिला. रुंदीकरण, काँक्रीट, बायपास भरपूर झाले हे खरं. पण भारतमाला या केंद्राच्या महामार्ग योजनेच्या पहिल्या टप्प्यावर कॅगने २०२३ मध्ये लिहिलंय की मूळ मंजुरी किलोमीटरला १५.३७ कोटींची होती आणि प्रत्यक्ष मंजूर कामं पडली ३२.१७ कोटींना. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की देशातल्या रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग फक्त दोन टक्के, पण २०२२ मध्ये रस्ते अपघातांतल्या मृत्यूंपैकी ३६ टक्के त्यांच्यावर झाले. रोज किती किलोमीटर बांधले हे छाती फुगवून सांगतात, मग हाही आकडा त्याच दमात सांगायला हवा.

कोकणातलं उदाहरण घ्या. कोकण रेल्वे ७४१ किलोमीटर, सगळे डोंगर आणि खाड्या, १९९० ला महामंडळ झालं आणि जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण खुला. एकच महामंडळ, केंद्राबरोबर चार राज्यांचा पैसा, आणि महामंडळाचे प्रमुख अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे निर्णयाचा अधिकार. तिथेच मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत चाललंय, कारण पनवेल ते रायगडमधलं इंदापूर एका यंत्रणेकडे, पुढचं दुसऱ्या, त्यात तुकड्यातुकड्यांची टेंडरं, ठेकेदार बदलले, भूसंपादन अडलं. म्हणजे पैसा मंजूर होणं ही अर्धीच गोष्ट, काम कोणाच्या एकट्याच्या जबाबदारीवर आहे हे बघा. बीडची रेल्वे तशीच, मंजुरी १९९० च्या दशकातली, राज्याने निम्मा खर्च उचलायचं ठरल्यावर गती आली आणि बीडमधून गाडी सुटली सप्टेंबर २०२५ ला. आता याचं श्रेय कोणत्या सरकारचं? मंजुरीचं एकाचं, पैशाचं दुसऱ्याचं, आणि उशिराचं सगळ्यांचं.

विमानतळांबद्दल थोडक्यात, छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, हेही कॅगचंच.

राहिली गावांना पक्क्या रस्त्याने जोडणारी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली केंद्राची सगळ्यात उपयोगी योजना हीच. डिसेंबर २००० मध्ये वाजपेयींच्या काळात सुरू झाली, पुढच्या प्रत्येक सरकारने चालू ठेवली, साडेसात लाख किलोमीटरच्या वर रस्ते झाले. सपाट भागात ५०० लोकवस्तीचा निकष, डोंगराळ आणि आदिवासी भागात २५०, त्यामुळे आमदाराची मर्जी कमी चालते. सुरुवातीला पूर्ण पैसा केंद्राचा होता, आता बहुतेक राज्यांत ६०-४०. आणि करारातच पाच वर्षांची देखभाल ठेकेदारावर असते, जी गोष्ट लोकांना माहीतच नसते! तुमच्या गावाच्या रस्त्यावर बोर्ड असेल तर आधी बघा तो प्रधानमंत्री योजनेचा आहे की मुख्यमंत्री योजनेचा, दोन्ही असतात आणि नावं सारखीच वाटतात. मग काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची रक्कम वाचा. पाच वर्षं व्हायची असतील आणि खड्डे पडलेले असतील तर फोटोसकट मेरी सडक ॲपवर तक्रार टाका, ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत कार्यकारी अभियंत्याला द्या. मुदत उलटून गेली असेल तर रस्ता राज्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या गळ्यात, तिथे मग देखभालीच्या निधीबद्दल वेगळा अर्ज लागतो, बोर्डावरच्या तारखा कळवा म्हणजे तो कोणाकडे करायचा ते सांगतो.