रोमनी वार्डोमध्ये सुट्टी: मुलं आणि सासूबाईंना घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये राहता, जुलैत सासूबाई नाशिकहून येतायत, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत, आणि शेतात उभ्या असलेल्या जुन्या रोमनी वार्डोत, म्हणजे भटक्या रोमनी (जिप्सी) लोकांच्या घोड्याने ओढायच्या लाकडी घरगाडीत, दोन रात्री काढायचा विचार आहे. फोटो सुंदर दिसतात, पण सगळ्यांना झेपेल का?

मुलांना झेपेल, तुम्हालाही झेपेल. सासूबाईंना मात्र वार्डोत झोपवू नका.

कारण शिडी. वार्डोचं दार पुढच्या बाजूला असतं, जिथे घोडा जुंपतात तिथे. आत जायला सुटी लाकडी शिडी लावलेली असते. उभी, अरुंद, बहुतेक वेळा धरायला काही नसलेली. रात्री दोन वाजता दवाने ओल्या झालेल्या त्या पायऱ्या उतरून, टॉर्च घेऊन, गवतातून संडासापर्यंत जायचं. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला हे सांगू नये. वार्डोत संडास नसतो आणि त्याला जागेची टंचाई एवढंच कारण नाही. रोमनी घरांत शुद्ध-अशुद्धाचे नियम कडक असत: जेवणाची भांडी धुवायचं पातेलं वेगळं, अंग आणि कपडे धुवायचं वेगळं, आणि त्यात गल्लत झाली तर ते भांडं टाकूनच द्यायचं. जिथे जेवतो-झोपतो तिथेच संडास, ही कल्पनाच त्यांना ओंगळ वाटे. सासूबाईंच्या माहेरी सोवळंओवळं असेल तर हा मुद्दा त्यांना तुमच्याआधी पटेल.

म्हणून अशी जागा शोधा जिथे वार्डोशेजारी एखादी केबिन किंवा शेतघरातली खोली मिळते. त्या तिथे झोपतील, दिवसभर तुमच्यात असतील. आम्ही हेरफर्डशायरमध्ये सफरचंदाच्या बागेतल्या एका वार्डोत राहिलो तेव्हा हीच व्यवस्था होती आणि तीच कामी आली.

आता आतलं. साधारण दहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. मागच्या टोकाला आडवा पलंग, त्याच्याखाली सरकत्या दारांमागे दुसरा, तो मुलांचा. मुलं त्या कप्प्यातून बाहेर यायलाच तयार नसतात. उंच माणसाला मात्र पाय दुमडून झोपावं लागतं. आत शिरताना डाव्या हाताला छोटी लोखंडी चूल. डावीकडेच का? इंग्लंडमध्ये गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने चालते, म्हणजे झाडांच्या फांद्या त्या बाजूला. आपण दारातून गाडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून शिरतो, त्यामुळे आपला डावा हात ही गाडीची उजवी बाजू, रस्त्याच्या मधल्या अंगाची. धुराडं तिथून बाहेर काढलं की फांद्यांना अडकत नाही. बाहेरच्या फासळ्यांवरचं कोरीवकामही नुसतं शोभेचं नाही. लाकूड तासलं की गाडी हलकी होते, घोड्याचा भार कमी होतो. मग तासलेल्या खाचा रंगवायच्या, परवडलं तर सोन्याचा वर्ख लावायचा.

मी रेडिंगला राहतो, त्यामुळे थोडा अभिमान दाखवतो. बाहेर कललेल्या भिंतींच्या, मोठ्या चाकांच्या ज्या वार्डोला ‘रेडिंग’ म्हणतात, ती इथल्या डंटन कारखान्यात बनायची. कमानीवर ताडपत्री ताणलेली ‘बो-टॉप’ वजनाने हलकी. यॉर्कशायरचे बिल राइट ती बनवण्यासाठी नावाजलेले. जुन्या गाड्या आज कमी दिसतात, कारण मालक वारला की त्याची वार्डो त्याच्या सामानासकट जाळून टाकायची प्रथा होती. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याचशा नव्याने बांधलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, छत गळत नाही. फक्त पत्र्याच्या भिंतींची, छोट्या बिडाच्या चाकांची खोली कोणी ‘जिप्सी कॅरव्हॅन’ म्हणून दाखवत असेल, तर ती मेंढपाळाची झोपडी आहे. कोकरं जन्मायच्या दिवसांत धनगर तिच्यात राहायचे. रोमनींशी तिचा संबंध नाही.

पैसे वसूल होतील का, हे मात्र गाडीवर नाही, बाहेरच्या जागेवर ठरतं. रोमनी कुटुंब वार्डोत राहायचं म्हणजे झोपायचं आणि पावसात बसायचं. स्वयंपाक, गप्पा, धुणं, भांडण, सगळं बाहेर शेकोटीपाशी. मोठी मुलं शेजारच्या तंबूत नाहीतर गाडीखाली झोपायची. तेव्हा फोटोत गाडीचा रंग बघू नका. शेकोटीची जागा कुठे आहे, पाऊस आला तर बसायला आडोसा आहे का, शेजारची गाडी किती लांब आहे, मुलांना पळायला मोकळं रान आहे का, हे विचारा. चार गाड्या रांगेत उभ्या केलेल्या जागेचे पैसे मी देणार नाही, भाडं निम्मं असलं तरी.

शेकोटीवर पिठलं-भाकरी उत्तम होते, लोखंडी तवा घरून न्या. गाडीत फोडणी देऊ नका. बहुतेक मालक मनाईच करतात आणि हिंगाचा वास त्या लाकडात मुरला की जात नाही. चूल पेटवली की थोड्याच वेळात आत घाम फुटतो आणि मध्यरात्री विझून थंडी वाजते. जुलैतही जादा पांघरूण न्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला आहे ना, हे पोहोचल्यावर पहिल्यांदा बघा.

एक गोष्ट मनाला लागते, ती सांगतोच. आपण शेतात उभ्या वार्डोसाठी पैसे मोजतो, आणि ज्यांची ही गाडी, त्यांना रस्त्याकडेला मुक्काम करणं कायद्याने अवघड करून ठेवलंय. १९६८ च्या कायद्याने कौन्सिलांवर त्यांच्यासाठी जागा देण्याची जबाबदारी टाकली होती, १९९४ मध्ये ती काढून घेतली. २०२२ च्या कायद्यानंतर तर सांगूनही हलले नाहीत तर काही अटींखाली तो गुन्हा ठरतो आणि राहतं वाहनसुद्धा जप्त होऊ शकतं. म्हणून सुट्टी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण काही ठिकाणी मुलांना भविष्य सांगणाऱ्या ‘जिप्सी’चे कपडे देऊन फोटो काढतात, ते टाळा. त्याऐवजी त्यांना रोमनी झेंडा दाखवा: वर निळा, खाली हिरवा, मधे सोळा आऱ्यांचं लाल चाक. हा झेंडा १९७१ मध्ये लंडनजवळच्या पहिल्या जागतिक रोमनी काँग्रेसमध्ये स्वीकारला गेला, आणि हे चाक त्यांच्या भारतातल्या मुळाची आठवण म्हणूनही सांगितलं जातं. रोमनी भाषेतही ‘पानी’ म्हणजे पाणी हे कळल्यावर आमच्या पोरांनी दिवसभर दुसरं काही मागितलं नाही.

चालती वार्डो बघायची असेल तर जूनच्या सुरुवातीला कंब्रियात ॲपलबीचा घोडेबाजार भरतो. ईडन नदीत घोडे धुताना बघायला गर्दी लोटते. इंग्लंडच्या दक्षिणेकडे राहत असाल तर स्टो-ऑन-द-वोल्ड गावचा बाजार जवळ पडेल, तो मे आणि ऑक्टोबरमध्ये. स्वतः घोडा हाकत फिरायचं असेल तर आयर्लंडमध्ये विकलोच्या बाजूला तशी सोय आहे, पण तिथे घोड्याची देखभाल तुम्हालाच करावी लागते आणि दिवसाला जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर होतात. सासूबाईंसोबत ते नको.

तारखेचं म्हणाल तर जुलैचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार बघा. इंग्लंडच्या शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात आणि मग भाडी चढतात. आणि बुकिंग करण्याआधी मालकाला फोन करून शिडीला किती पायऱ्या आहेत आणि धरायला काही आहे का, ते विचाराच; दिवसा चहाला तरी सासूबाई वर येतीलच.