होल्डआउटला 'संप' म्हणायचं का? आणि ट्रेडला 'व्यापार'?

विचारणा अशी आहे की अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे एनएफएलच्या, बातम्या मराठीत लिहायच्या तर 'होल्डआउट'ला संप आणि 'ट्रेड'ला (म्हणजे एका संघाने मोबदला घेऊन आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देणं) व्यापार लिहिलं तर चालेल का. माझ्या मते दोन्ही नकोत.

संप सगळ्यांचा मिळून असतो. एनएफएलमध्ये १९८७ साली तसा खराच झाला होता, मालकांनी बाहेरचे खेळाडू आणून तीन आठवडे सामने खेळवले होते, त्याला संपच म्हणायचं. होल्डआउट एकट्याचा असतो. करार चालू असतो पण खेळाडू म्हणतो या पैशात मी खेळणार नाही, नवीन करार करा, आणि सराव शिबिराला येतच नाही. २०१८ मध्ये खलील मॅकने ऑकलंड रेडर्सशी हेच केलं आणि त्याच उन्हाळ्यात अ‍ॅरन डोनाल्डने रॅम्स संघाशी. डोनाल्डचं जमलं, सहा वर्षांचे साडेतेरा कोटी डॉलर घेऊन तो तिथेच राहिला, मॅकची बोलणी फिसकटली आणि डोनाल्डच्या कराराच्या दुसऱ्याच दिवशी रेडर्सनी त्याला शिकागो बेअर्सला देऊन टाकलं.

यासाठी मराठीत अगदी तयार क्रियापद आहे, 'अडून बसणे'. मॅक नव्या करारासाठी अडून बसला. झालं! नामच हवं असेल तर वाक्य थोडं फिरवा पण 'अडवणूक' लिहू नका, कारण अडवणूक म्हटलं की दोष आपोआप खेळाडूवर जातो. 'रुसला' आणि 'हट्ट धरला' हेही नको, पैशाच्या व्यवहाराला उगाच लहान मुलाचा रंग येतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण तिथले करार एकतर्फी असतात, बहुतेक करारांतली बरीचशी रक्कम हमीची नसते, संघाला वाटलं तर खेळाडूला मधेच काढून टाकता येतं पण खेळाडूला मधेच सोडून जाता येत नाही, मग त्याच्या हातात न येणं एवढंच उरतं. 'अडून बसणे' यात कोण बरोबर कोण चूक ते आधीच ठरवून टाकलेलं नाही.

आता पुढची भानगड. २०२० मध्ये एनएफएल आणि खेळाडूंच्या संघटनेत झालेल्या सामूहिक करारानंतर शिबिर चुकवणाऱ्याला जबर दंड बसायला लागला, पहिला करार संपवून पुढच्या करारावर असलेल्यांना दिवसाला ५० हजार डॉलर, आणि तो संघाला माफ करायचा म्हटला तरी करता येत नाही. त्यामुळे खेळाडू आता हजर राहतात, बैठकांना बसतात, पण सरावात उतरत नाहीत, याला तिकडे 'होल्ड-इन' म्हणतात. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या टी. जे. वॉटने २०२१ मध्ये हेच केलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत चार वर्षांचे ११.२ कोटी डॉलर मिळवले. आपल्या सरकारी कचेऱ्यांतलं लेखणीबंद आंदोलन आठवा, हजेरीपटावर सही आहे पण काम नाही, तसंच हे, फक्त एकट्याचं. मी 'हजर राहून अडून बसला' असं लिहीन, लांब आहे पण वाचणाऱ्याला लगेच कळतं.

स्टीलर्सच्याच लेव्हिऑन बेलचं प्रकरण जरा वेगळं. २०१८ चा अख्खा हंगाम तो खेळला नाही, जवळपास दीड कोटी डॉलर सोडले, पण त्याने फ्रँचायझी टॅगच्या (करार संपलेल्या खेळाडूला आणखी एक वर्ष राखून ठेवायचा संघाचा हक्क) कागदावर सहीच केली नव्हती म्हणजे करारच नव्हता, म्हणून दंडही नाही. काटेकोर बोलणारे त्याला होल्डआउट म्हणत नाहीत. मराठीत मात्र 'सही न करता अडून बसला' म्हटलं की काम होतं.

ट्रेडचं म्हणाल तर 'व्यापार' वाचून डोळ्यांसमोर कांदे-बटाटे येतात. 'बदली' अर्थाने खूप जवळ आहे, बहुतेक वेळा खेळाडूला कोणी विचारत नाही आणि त्याचा करार त्याच्याबरोबर नव्या संघाकडे जातो, पण 'बदली खेळाडू' हा शब्द आपण सबस्टिट्यूटसाठी कधीच वापरून बसलोय त्यामुळे घोळ होणार. 'अदलाबदल' खेळाडूला खेळाडू असेल तेव्हाच शोभतो आणि एनएफएलमध्ये बऱ्याचदा बदल्यात ड्राफ्टमधल्या, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडून घेतात त्यातल्या, निवडीचे हक्क मिळतात. मी सरळ 'ट्रेड' ठेवतो, आयपीएलमुळे तो घराघरात माहीत आहे, हार्दिक पांड्या २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे आला तो ट्रेडनेच, फक्त तिथे बदल्यात पैसे होते. बाकी 'निगोशिएशन'ला वाटाघाटी किंवा बोलणी दोन्ही चालतील, आकड्यावरून चाललेली ओढाताण असेल तर 'घासाघीस'.

एक नमुना देतो, २०२५ चा: 'डॅलस काउबॉइजचा मायका पार्सन्स नव्या करारासाठी शिबिरात हजर राहून अडून बसला, बोलणी पुढे सरकेनात तेव्हा त्याने ट्रेड मागितला, आणि ऑगस्टअखेरीस काउबॉइजने ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी आणि खेळाडू केनी क्लार्क यांच्या मोबदल्यात त्याला ग्रीन बे पॅकर्सला दिलं.'