आधी धुऊ नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे स्लाइडचे फोटो काल रात्री सावकाश पाहिले. काप सुरेख आलेत, रंगही छान बसलाय. पण 'संसर्गामुळे आतड्यातला म्युकसचा (चिकट स्रावाचा) थर नाहीसा झाला' असं जे तू खाली लिहिलंयस, तिथे मी अडले. निरोगी उंदराची स्लाइड पुन्हा लाव. तिथे तरी तो थर कुठे आहे? तो सिट्रोबॅक्टरने, म्हणजे आपण उंदरांना दिलेल्या आतड्याच्या जिवाणूने, नेलेला नाही, आपण नेलाय. आतडं आधी सलाइनने धुतलं, मग फॉर्मलिनमध्ये टाकलं, की म्युकस आक्रसतो आणि दिसेनासा होतो.

मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं हेच केलं. काप स्वच्छ यावेत म्हणून आतडं धूधू धुवायची, आणि जे शोधत होते तेच बेसिनमध्ये सोडून द्यायची. त्या दोन वर्षांतल्या स्लाइड आजही कपाटात आहेत, त्यांतून काही सांगता येत नाही.

उंदराच्या मोठ्या आतड्यात म्युकसचे दोन थर असतात. बाहेरचा सैल, त्यात जिवाणू सुखाने राहतात. आतला घट्ट, जेमतेम 50 मायक्रोमीटरचा, पण जवळजवळ जिवाणूमुक्त. हे 2008 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने दाखवलं. हा थर आतड्याच्या अस्तरातल्या म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी रात्रंदिवस विणत असतात. त्याचं मुख्य प्रथिन, म्युक-2, ज्या उंदरांत नसतं त्यांना हाच सिट्रोबॅक्टर फार जड जातो.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तुला फक्त रोगप्रतिकारक पेशी मोजायच्या आहेत, असं म्हणालीस. त्या वेगळ्या करताना आपण आतड्याचे तुकडे ईडीटीएमध्ये, म्हणजे अस्तर सुटं करणाऱ्या द्रावणात, हलवतो. थोड्या वेळाने पाणी पातळ ताकासारखं गढूळ होतं आणि आपण ते फेकून देतो. ते ताक म्हणजेच अस्तराच्या पेशी. इंटरल्यूकिन-22, पेशींमधला निरोप नेणारं प्रथिन, वाचलंयस ना? संसर्गाच्या पहिल्या आठवड्यात ते मुख्यतः आयएलसी-3 नावाच्या रोगप्रतिकारक पेशी सोडतात, पुढे टी पेशीही त्यात येतात. पण ते ऐकणारा रिसेप्टर रोगप्रतिकारक पेशींवर नसतोच, तो अस्तरावर असतो. म्हणजे निरोप देणारे आपण जपून ठेवतो आणि निरोप घेणारे गटारात सोडतो.

निरोप मिळाला की अस्तराच्या पेशी जिवाणूंवर चालणारी रेग-3 जातीची प्रथिनं बनवतात. 2008 सालच्याच एका प्रयोगात इंटरल्यूकिन-22 नसलेले उंदीर सिट्रोबॅक्टरने मेले. एरवी धडधाकट उंदीर दोन-तीन आठवड्यांत यातून उठतो. पण त्या उंदरांना याच जातीतलं रेग-3-गॅमा बाहेरून दिल्यावर त्यांच्यातले बरेच जास्त वाचले. निरोपच नव्हता, तरी निरोपातलं काम करून दिलं आणि जीव वाचला! हा निष्कर्ष मी पहिल्यांदा वाचला तेव्हा टेबलावरून उठून फेऱ्या मारत होते. अस्तर ही नुसती भिंत आहे, असं तेव्हापासून मला कधी म्हणवलं नाही. अँटिबॉडीचं काम उरतंच, जिवाणूंना शेवटी घालवून देतात त्या. पण तोपर्यंत उंदीर जगला पाहिजे.

तर पुढच्या खेपेला संसर्गाच्या आठव्या दिवशी उंदरांत असं कर. मोठ्या आतड्याचा एक तुकडा लेंडीसकट काप. धुऊ नकोस, दाबू नकोस, चिमट्याने कडेलाच धर. तो थेट मिथेनॉल-कार्नॉय या बिनपाण्याच्या फिक्सेटिव्हमध्ये टाक: मिथेनॉल 60 भाग, क्लोरोफॉर्म 30, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड 10. फ्यूम हूडखालीच मिसळ, आणि तिथून पॅराफिनपर्यंत पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस. म्युकसला निळं करणाऱ्या अल्शियन ब्लूने रंगवलंस की लेंडी आणि अस्तर यांच्यामध्ये निळी पट्टी दिसेल. निरोगी उंदराची स्लाइड आधी बघ. आणि ईडीटीएचं ताक सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ आरएनएसाठी उणे 80 अंश सेल्सिअसला ठेव, नळीवर तारीख घालून.

दोन्ही स्लाइडचे फोटो एकाच मॅग्निफिकेशनचे पाठव.

सस्नेह,
तुझी बाई