क्रिएटिनिन वाढलंय ना, मग आधी ऑपरेशनची पूर्ण फाईल मागा

बाबांचं बायपास झालं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ वरून २.६ वर गेलं, डॉक्टर म्हणतात रक्त थांबवायच्या इंजेक्शननं झालं असू शकतं आणि डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शनचं नावच नाही, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून आईचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन डोळ्यासमोर आलं. मी डॉक्टर नाही, औषधाचं काहीही नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, विचारूनच करा.

रक्त थांबवायची इंजेक्शनं एकापेक्षा जास्त आहेत, ॲप्रोटिनिन आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड ही त्यातलीच. ॲप्रोटिनिनमुळे किडनी जाते का हा वाद २००६ मध्ये पेटला, २००७ मध्ये कॅनडातली मोठी चाचणी मृत्यू जास्त दिसले म्हणून मधेच थांबवली आणि कंपनीनं विक्री बंद केली, पुढं काही देशांत ते मर्यादित वापरासाठी परत आलं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लघवीवाटेच बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. पण बायपासमध्ये बीपी पडणं, हार्ट-लंग मशीन, यांनीही किडनीला मार बसतो, त्यामुळे सगळं खापर इंजेक्शनवर फोडू नका.

आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शननं. नेफ्रॉलॉजिस्ट विचारून राहिले ओटीत काय दिलं, किती दिलं, आणि हे म्हणतात डिस्चार्ज कार्ड दिलं ना, आता काय पाहिजे, मग म्हणे साहेब सुट्टीवर, मग म्हणे वकिलाचं पत्र आणा. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात पेशंटच्या माणसाला असं फिरवायचं म्हणजे काय बाप्पा! मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत साफ लिहिलंय की मागणी केल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं. तोंडी मागूच नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि त्यात ॲनेस्थेशिया (भुलीचा) चार्ट, परफ्युजन शीट (हार्ट-लंग मशीनची नोंद), आयसीयूचा औषधांचा चार्ट असं नावानिशी लिहा, नाहीतर नुसती समरी हातात टेकवतात.

इंजेक्शनचं नाव पुढंही लागतं. ॲप्रोटिनिन काही महिन्यांत परत दिलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनलाही ट्रॅनेक्झॅमिक सर्रास देतात, तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञाला हे सांगावंच लागेल.

आणि शेजारचे सांगतील भरपूर पाणी पाजा. माझ्या मते हार्टच्या पेशंटला असं मनानं पाजूच नये, किती ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक वगैरे दुखण्याच्या गोळ्या आणणं तर आजपासून बंद. लघवी किती होते ते रोज मोजून वहीत लिहा, कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.