गुरुवारी दोन ऑडिशन्स आणि रात्री प्रयोग

प्रिय ताई,
मी २८ वर्षांची आहे. सहा वर्षं रंगभूमीवर काम करते. सध्या एका नाटकाचे गुरुवार ते रविवार प्रयोग, दुसऱ्याच्या तालमी आणि सकाळी शिकवण्या. गेल्या तीन महिन्यांत २१ ऑडिशन्स दिल्या. दोन ठिकाणांहून पुन्हा बोलावलं, भूमिका मात्र एकही मिळाली नाही. मागच्या महिन्यात पाठ असलेला उतारा सगळ्यांसमोर अर्ध्यावर पार पुसला गेला. सोमवारी आवाज घोगरा असतो. एखाद्या ऑडिशनला नाही म्हणायला धजत नाही, कारण एकदा नाही म्हटलं की पुन्हा बोलावणार नाहीत असं वाटतं. पुढच्या आठवड्यात बुधवारी रात्री उशिरापर्यंत रंगीत तालीम आहे. गुरुवारी ११ला एक ऑडिशन, ३ला दुसरी आणि साडेसातला प्रयोग. शुक्रवारपर्यंत एक सेल्फ टेपही (घरीच फोनवर चित्रित केलेली ऑडिशन) पाठवायची आहे. कसं जमवू?
— सगळीकडे धावणारी

अगं, आधी तुझ्याच आकड्याकडे बघ. तीन महिन्यांत २१ म्हणजे दर चार-साडेचार दिवसांनी एक ऑडिशन. त्यात प्रयोग, तालमी, शिकवण्या. मग तयारीला वेळ उरतो तो फक्त प्रवासातला. तुझा उतारा तिथेच पुसला गेला होता, ऑडिशनच्या खोलीत फक्त ते उघड झालं.

बसमध्ये मान खाली घालून, ओठ न हलवता केलेलं पाठांतर त्याच अवस्थेत चांगलं आठवतं. ऑडिशनला तू उभी असतेस, आवाज पूर्ण लागलेला असतो, समोर अनोळखी चेहरे असतात, छाती धडधडत असते. पाठ करताना यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे शब्दांना धरायला जागाच सापडत नाही. त्यात रात्री एकला पाठ करून सहाला उठलीस, तर अजून नुकसान. पाठांतर मुरतं ते झोपेत, आणि तू नेमकी झोपच कापतेस.

नवा उतारा हातात आला की पहिल्या दिवशी तो पाठ करू नकोस, त्याचे तुकडे पाड. पात्राच्या मनात जिथे काही पालटतं तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मार. दीड मिनिटाच्या उताऱ्यात अशा चार-सहा रेघा येतात. प्रत्येक तुकड्याला एक क्रियापद दे : विनवते, चिडवते, लपवते, धमकावते. 'दुःखी आहे' असलं काही लिहू नकोस, ते करून दाखवता येत नाही. मग शब्द सपाट आवाजात, भाव न घालता पाठ कर. हे कंटाळवाणं वाटेल, पण यात फार मोठा फायदा आहे. भावासकट पाठ केलं की शब्द आणि सूर एकमेकांना चिकटतात. दिग्दर्शक म्हणतो, "हेच जरा हसत हसत करून बघ," तेव्हा सूर बदलावा लागतो आणि त्याच्यासोबत शब्दही निसटतात.

रात्री झोपण्यापूर्वी दोनदा म्हण. सकाळी कागद न बघता एकदा म्हण, आणि अडलीस तर तेवढीच ओळ बघ. तिसऱ्या दिवशी उभी राहून, मोकळ्या आवाजात, कपड्यांच्या घड्या घालताना दुप्पट वेगाने म्हणून बघ. हात दुसऱ्या कामात गुंतलेले असताना शब्द आपोआप आले, तर ते बसले. शेवटी एका तरी माणसासमोर करून दाखव. घरातलं कुणीही चालेल. माणसाचा चेहरा समोर असणं महत्त्वाचं.

आणि तरीही अडलीस तर? 'सॉरी' म्हणून जीभ चावू नकोस, डोळे वर करून शब्द शोधू नकोस. पात्रातच थांब, श्वास सोड आणि त्या तुकड्याचं क्रियापद आठव. बहुतेक वेळा त्यामागून ओळ येते. नाही आली, तर शांतपणे "मी पुन्हा सुरुवात करते" एवढंच म्हण. एकदा असं म्हटल्याने कुणी बाद करत नाही. चेहऱ्यावर अपराधीपणा आणून उरलेला उतारा कसाबसा संपवला, तर मात्र तेच लक्षात राहतं.

पण दर ऑडिशनला नवं पाठांतर करायचंच कशाला? ज्यांना नाटकातला अमुक प्रवेशच हवा असतो ते तो आधी पाठवतात. बाकी ठिकाणी तुझ्या आवडीचं चालतं. तिथे साठ्यातलं काढता आलं पाहिजे. पाच उतारे कायम तयार ठेव : एक गंभीर, एक विनोदी, एक जुन्या वळणाच्या भाषेतला, एक बसल्या जागी अगदी हळू आवाजात करायचा, आणि एक सध्याच्या बोलीतला, तुझ्या स्वतःच्या स्वभावाच्या जवळचा. प्रत्येकाच्या दोन लांब्या कर, ६० सेकंदांची आणि दोन मिनिटांची, आणि त्या घड्याळ लावून, मोठ्याने बोलून मोज. मनातल्या मनात वाचताना वेग जास्त असतो, त्यामुळे तो अंदाज नेहमी फसतो. ९० सेकंद सांगितले असतील तर ८०मध्ये संपेल असं बसव. वेळ संपली म्हणून मध्येच थांबवलं गेलं, तर शेवटची कलाटणी कुणी बघतच नाही.

उतारे निवडताना एक चूक फार जण करतात. घडून गेलेली हकीकत सांगणारा उतारा घेतात. तो वाचायला सुंदर असतो, पण त्यात पात्राला आत्ता, या क्षणी, कुणाकडून काही मिळवायचं नसतं. मग नट आठवणीत रमतो आणि समोरचे घड्याळ बघतात. समोरच्या माणसाकडून काहीतरी हवं आहे, आणि मिळत नाही म्हणून मार्ग बदलावा लागतो, असा उतारा घे. तो 'समोरचा माणूस' परीक्षकांच्या डोक्याच्या किंचित वर, थोडा बाजूला उभा कर. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोललीस तर त्यांना तुझ्याबरोबर खेळावं लागतं, आणि मग त्यांना लिहिता येत नाही. पहिल्याच ओळीला रडावं लागेल असा उतारा साठ्यात ठेवू नकोस. खोलीत पाऊल टाकल्यावर तिथपर्यंत पोचायला तुझ्याकडे दहा सेकंदही नसतात. आठवड्यात प्रत्येक उतारा एकदा म्हण. पाचांना मिळून पंधरा मिनिटं लागतील.

आता नकाराचं. मला वाटतं, तुझा सगळ्यात मोठा ताण हाच आहे. होकार देण्याआधी लिहून विचार : तालमी कोणत्या तारखांना, प्रयोग कधीपासून, भूमिका कोणती, मानधन आणि प्रवासखर्च काय, आणि तयार काय करून आणायचं. नुसत्या तारखा कळल्या तरी बऱ्याच ऑडिशन्स आपोआप गळतात. मग स्वतःला दोन प्रश्न विचार. ही भूमिका मिळाली तर मी खरंच करणार आहे का? आणि तयारीला माझ्याकडे पूर्ण झोपेच्या दोन रात्री आहेत का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर जाऊ नकोस. ऑडिशन देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, किंवा आधी न सांगता जवळिकीचा प्रसंग करायला लावत असेल, तर तिथून बेधडक निघून ये.

नाही म्हणायला तीन ओळी पुरतात : "आठवण ठेवल्याबद्दल आभार. या तारखांना मी दुसऱ्या नाटकात बांधलेली आहे, म्हणून येऊ शकत नाही. अमुक तारखेनंतर मोकळी आहे, तेव्हा जरूर कळवा." निरोप मिळाल्या दिवशीच हे पाठव. वेळेत आलेला असा नकार सांगतो की या मुलीला काम आहे आणि ती शब्दाची पक्की आहे. लक्षात राहते ती आदल्या रात्री रद्द करणारी, उशिरा येणारी, किंवा निवड झाल्यावर "त्या दिवशी माझा प्रयोग आहे" असं सांगणारी. तारखांचा गुंता अर्जावरच लिहून टाक. लपवलेला गुंता तालमीत उघडा पडतो, आणि तेव्हा तो संपूर्ण संचाला भोगावा लागतो.

भूमिका न मिळण्याची कारणं तुझ्या हातात नसतातच असं नाही, पण पुष्कळशी नसतात. समोरचा नट ठरलेला असतो आणि तू त्याच्यापेक्षा उंच असतेस. बहीण म्हणून घेतलेल्या मुलीशी चेहरा जुळत नाही. दोन्ही बायकांचे आवाज सारखे येतात. म्हणून मोजायचंच असेल तर भूमिका मोजू नकोस, पुन्हा बोलावणी मोज. २१ मध्ये दोन कमी आहेत, आणि ती का कमी आहेत हे कळायला वही लागेल. तारीख, भूमिका, केलेला उतारा, कपडे, आदल्या रात्रीची झोप, मिळालेली सूचना : बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत एवढंच लिही. बारा-पंधरा नोंदी झाल्या की कोणता उतारा चालतो आणि कोणत्या दिवशी तू कोरडी पडतेस हे दिसायला लागेल. पुन्हा बोलावलं तर तेच कपडे, तीच केशरचना कर. त्यांनी मनात धरलेलं चित्र तेच असतं.

खोलीत "वेगळं करून बघ" असं सांगितलं, तर ते आवडल्याची खूण समज. पहिलं चुकलं म्हणून सगळं उलटंपालटं करायची घाई होते, ती करू नकोस. दहा सेकंद घे, एकच गोष्ट बदल, पण ती शेवटच्या रांगेला दिसेल इतकी बदल. तू सूचना ऐकतेस आणि वापरतेस, एवढंच त्यांना बघायचं असतं.

आवाजाकडे आजपासून लक्ष दे. सोमवारचा घोगरेपणा म्हणजे बहुधा चार प्रयोगांनंतर स्वरतंतूंना आलेली सूज. पाणी घशातून जाताना स्वरतंतूंना लागत नाही, ते शरीरात मुरल्यावर तिथे पोचतं, म्हणून ऑडिशनच्या दारात प्यायलेल्या बाटलीचा तेवढा उपयोग नाही. सकाळपासून थोडं थोडं पी. घसा खाकरू नकोस, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी घोट गिळ. कुजबुजून बोलणं म्हणजे आवाजाला विश्रांती, असं समजू नकोस. प्रयोगानंतर अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटीमीटर बुडवून 'ऊ'चा सूर काढत बुडबुडे काढ, एकेक मिनिट, चार-पाच वेळा. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी घसा जळजळतो. मुख्य जेवण प्रयोगाच्या तीन तास आधी घे आणि नंतर हलकंच खा. दोन आठवड्यांत आवाज पूर्ण मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घे. बोलता बोलता एकदम आवाज गेला, तर त्याच दिवशी जा, आणि तोवर गप्प राहा.

सेल्फ टेपचं थोडक्यात सांगते, कारण रंगमंचावरचे नट इथे ठरावीक चुका करतात. फोन आडवा, भिंग डोळ्यांच्या उंचीला, चौकटीत छातीपासून वर आणि डोक्यावर थोडी जागा. मागे साधी भिंत, खिडकी समोर. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. समोरचे संवाद वाचणारी व्यक्ती भिंगाला अगदी चिकटून बसव आणि तिला तुझ्यापेक्षा हळू वाचायला सांग. आवाज फेकू नकोस. मायक्रोफोन हातभर अंतरावर आहे, शेवटच्या रांगेत नाही. विचार डोळ्यांत असला की पुरे, भुवयांना विश्रांती दे. तीन टेक, त्याहून जास्त नकोत. पाठवण्यापूर्वी हेडफोन लावून पूर्ण बघ, आणि फाइलचं नाव त्यांनी सांगितलंय तसंच दे.

आता तुझा आठवडा. टेप मंगळवारी सकाळी कर. आदल्या रात्री प्रयोग नसल्याने आवाज बरा असेल. गुरुवारच्या शिकवण्या आजच दुसऱ्या एखाद्या वारी हलव. बुधवारच्या रंगीत तालमीत आरडाओरडीच्या जागा आवाज राखून केल्या तर चालतील का, हे दिग्दर्शकाला आधी विचार.

गुरुवारी एकच ऑडिशन दे. दोन्ही भूमिका सारख्याच हव्याशा असतील तर ११ची ठेव. ऑडिशन्स उशिरा चालतात. सकाळची तासभर रेंगाळली तरी बिघडत नाही. ३ची रेंगाळली तर नाट्यगृहात धापा टाकत पोचशील. दुसऱ्यांना आजच लिही की त्या रात्री प्रयोग आहे, शुक्रवारी सकाळी वेळ मिळेल का. नाही म्हणाले तर वर दिलेल्या तीन ओळी. ३चीच भूमिका खरोखर हवी असेल तर ११ची सोड, आणि ३वाल्यांना सांग की सुरुवातीचा नंबर हवा आहे, साडेचारला निघावं लागेल.

बॅग बुधवारी तालमीला जाण्याआधी भरून ठेव : संहिता, पेन्सिल, फोटो आणि एका पानाची माहिती, पाणी, आवाज न करणाऱ्या चपला. गुरुवारी नवा उतारा काढू नकोस, साठ्यातला सगळ्यात मुरलेला घे. साडेदहाला तिथे पोच. ऑडिशन झाली की दारातच वहीत पाच ओळी लिही, घरी ये, जेव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि गजर लावून तासभर झोप. साडेपाचला नाट्यगृहात.